नव्या काडीचा रंग

दिवाळी म्हणजे रंगांचा सण, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. दारात रांगोळी, उंबऱ्यावर झेंडू, माळ्यावरून काढून झटकलेला आकाशकंदील. आणि आमच्या निफाडकडे तर ह्याच दिवसांत ऑक्टोबर छाटणी झालेल्या द्राक्षबागांना कोवळी, पोपटी पालवी फुटलेली असते. अशा मुलुखातला एक म्हातारा मास्तर ऐन कार्तिकात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात जाऊन उतरला, म्हणजे त्याची काय अवस्था होत असेल, ह्याची वाचकांनीच कल्पना करावी. माझी लेक आणि जावई तिकडे मिनिआपोलिस शहरात राहतात. सहा महिन्यांचा मुक्काम ठरवून मी गेलो, तो झाडावर पान नाही आणि बागेत फूल नाही. आभाळ राखाडी, रस्ता राखाडी, समोरच्या घराची भिंतही राखाडी. लेकीने हौसेने दारात पणत्या लावल्या. वाऱ्याने त्या तीनदा विझल्या. चौथ्यांदा लावायला मी गेलो, तेव्हा गारठलेली बोटे आगकाडीच धरीनात.

पुढच्याच आठवड्यात बर्फ पडले. सकाळी खिडकीचा पडदा सारला, तो समोरच्या अंगणात, पांढऱ्याशुभ्र बर्फातून लालभडक काठ्यांचा एक जुडगाच्या जुडगा वर आलेला! पान नाही, फूल नाही, नुसत्या काठ्या. पण लाल अशा, की कोणी कुंकवाच्या करंड्यात बुडवून काढल्या असाव्यात. मला वाटले, शेजारच्या पोरांनी खेळता खेळता काठ्यांना रंग फासून त्या रोवल्या असतील. मी नातीला हाक मारली.

"आजोबा, ते झाड आहे. डॉगवुड. आपल्याकडेपण आहे, त्या कोपऱ्यात."

"म्हणजे कुत्र्याचे झाड?"

नात इतकी हसली, की तिच्या हातातले दूध सांडले. मी मात्र अंगावर होते नव्हते ते लोकरीचे कपडे चढवून बाहेर पडलो आणि आमच्या कोपऱ्यातले झाड पाहायला गेलो. कंबरेएवढे ठेंगणे झुडूप. पण जवळ गेलो आणि थोडा हिरमुसलो. शेजारचे झाड बुंध्यापासून टोकापर्यंत लाल. आमचे मात्र खाली मळकट तपकिरी, जुन्या खराट्यासारखे, आणि लाली काय ती वरच्या वीतभर डहाळ्यांना. जात तीच, माती तीच, थंडीही तीच. मग हा भेद का? घरात बसून बसून कंटाळलेल्या माणसाला एवढा प्रश्न पुरतो. जन्मभर मुलांना इतिहास शिकवला; ह्या झाडाचाही काही इतिहास असेल, म्हणून मी गावच्या ग्रंथालयाची वाट धरली.

प्रथम झाडाची ओळख. ह्या कुळाचे शास्त्रीय नाव कॉर्नस. लॅटिनमध्ये 'कॉर्नू' म्हणजे शिंग. लाकूड शिंगासारखे कठीण, म्हणून हे नाव. आपल्या देशातही ह्या कुळातली झाडे आहेत. कुमाऊँ-गढवालात भमोरा म्हणतात ते ह्यातलेच. त्याची लाल, स्ट्रॉबेरीसारखी दिसणारी फळे डोंगरातली मुले आवडीने खातात. पण हिवाळ्यात ज्यांच्या काड्या रंगतात अशी बागेतली झुडपे मुख्यतः तीन जातींची. एक सायबेरिया, उत्तर चीन आणि कोरिया ह्या बाजूची, दुसरी युरोपातली, आणि तिसरी उत्तर अमेरिकेतली. अमेरिकेतली मूळ जात ओढ्याकाठी, दलदलीत, सहा ते नऊ फूट वाढते आणि जमिनीला टेकलेल्या फांद्यांना मुळ्या फोडून पसरत जाते. शहरातल्या अंगणात एवढा पसारा कुठे मावणार? म्हणून तिच्यातून ठेंगणे वाण निवडले गेले. 'केल्सी' नावाचा वाण दोन-अडीच फुटांवर थांबतो, पण त्याच्या बारीक काड्यांना रंग जरा बेताचाच. 'आर्क्टिक फायर' तीन-चार फुटांचा, आणि रंगाने पक्का. आमच्या झाडाच्या पाटीवरचे नाव पावसाबर्फाने पुसून गेले होते. उंचीवरून ते ह्यातलेच कोणीतरी असावे.

आता रंगाचे रहस्य. जांभळाला आणि कोकमाला ज्या जातीच्या द्रव्यांमुळे रंग येतो, त्याच अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांनी ह्या काड्या लाल होतात. उन्हाळ्यात त्या हिरवट असतात. शरद ऋतूत दिवस आखडू लागले, रात्री गार पडू लागल्या आणि पानगळ होऊन उघड्या काडीवर ऊन पोहोचू लागले, की सालीत हा रंग भरतो. सावलीतले झाड म्हणूनच फिके राहते. पण खरी गोम पुढेच आहे. हा रंग भरतो तो कोवळ्या सालीत. काडी दोन-तीन वर्षांची झाली, की तिच्यावर बुचासारखी जाड, राखी-तपकिरी साल चढते आणि लाली झाकली जाते. थोडक्यात, रंग असतो तो नव्या काडीला. शेजारचे गृहस्थ दर वर्षी हिवाळा सरता सरता आपले झाड कापत असत. आमचे झाड लावल्यापासून कोणी कापलेच नव्हते.

ह्या झाडाच्या चिवटपणाचीही गोष्ट आहे, आणि ती त्याच गावची. १९६० च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात वायझर आणि त्यांचे सहकारी झाडे थंडी कशी सोसतात ह्याचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी हेच लाल काडीचे झुडूप निवडले. त्यांना असे आढळले, की झाड थंडी येऊन कोसळण्याची वाट पाहत बसत नाही. दिवस लहान होऊ लागताच ते वाढ थांबवते आणि तयारीला लागते. पुढे पहिला कडाका पडला, की उरलेली तयारी पुरी करते. उन्हाळ्यात जी काडी किरकोळ हिमानेही मरेल, तीच काडी भर हिवाळ्यात, अशी पूर्ण तयार झाल्यावर, द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे शून्याखाली १९६ अंशांत बुडवली तरी जिवंत राहते. हे वाचले आणि अंगावरचे तीन स्वेटर सावरीत मी खिडकीतून त्या झाडाला मनोमन नमस्कार केला.

माणसाची आणि ह्या झाडाची ओळख फार जुनी आहे. १९९१ साली इटली आणि ऑस्ट्रिया ह्यांच्या सीमेवरच्या आल्प्स पर्वतात, वितळत्या हिमात एका मनुष्याचे शरीर सापडले. ते सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचे निघाले. त्याच्याबरोबर कातडी भाता होता आणि भात्यात चौदा बाण. पुरे झालेले त्यांतले दोनच. बहुतेक बाणांच्या काठ्या व्हायबर्नम नावाच्या झुडपाच्या होत्या, पण एका बाणाचा पुढचा तुकडा कॉर्नसच्या लाकडाचा होता. बाणाला काठी सरळ लागते, बिनगाठीची, बोटाएवढी. जुन्या, वेड्यावाकड्या वाढलेल्या झुडपात ती मिळणे कठीण. झाड तोडले किंवा जळले, की बुंध्यातून जे धुमारे सरळ वर उसळतात, त्यांत ती भरपूर मिळते. कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांना हे इतके पक्के ठाऊक होते, की टोपल्या विणण्यासाठी ते रेडबड, विलो अशी झुडपे मुद्दाम कापून किंवा आग लावून ठेवीत आणि पुढच्या साली त्यांचे सरळ, चिवट, नवे फोक काढीत. आपल्याकडे निर्गुडीच्या फोकांची टोपली विणणाऱ्याला ही गोष्ट सांगावी लागणार नाही.

त्याच्या उलट एक कथा रोमची आहे. प्लुटार्क ह्या ग्रीक चरित्रकाराने ती रोम्युलसच्या चरित्रात दिली आहे. रोम्युलसने एकदा आव्हेंटाइन टेकडीवरून आपला भाला फेकला. त्याची काठी ह्याच कुळातल्या कॉर्नेल नावाच्या झाडाची होती. भाला जमिनीत इतका खोल रुतला, की कोणाला उपटता येईना. आणि पुढे त्या काठीलाच पालवी फुटून तिचे मोठे झाड झाले. रोमकरांनी त्याभोवती भिंत बांधली आणि त्याला पवित्र मानून जपले. कोणाला झाड जरा मलूल वाटले, की तो ओरडत सुटे आणि आग लागल्यासारखी माणसे पाण्याची भांडी घेऊन चहूकडून धावत. पुढे कालिगुला बादशहाच्या कारकिर्दीत शेजारच्या पायऱ्यांची दुरुस्ती निघाली, गवंड्यांनी जवळच खणले, नकळत मुळे तुटली, आणि झाड वाळून गेले. कथा खरी की खोटी हे सोडून देऊ. इतके जपलेले झाड गेले, आणि ज्यांना बाणासाठी आणि टोपलीसाठी माणूस बिनदिक्कत कापीत आला ती झुडपे टिकली, एवढे मात्र माझ्या मनात राहून गेले.

आता ह्या झाडाच्या नावांकडे वळतो, कारण माझ्या मते इतिहास नावांतच दडून बसलेला असतो. लिनीयस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने ह्या तिन्ही जातींना नावे दिली. युरोपातल्या जातीला १७५३ मध्ये 'सँग्विनिया', म्हणजे रक्तवर्णी. हे ठीकच झाले. पण सायबेरियातल्या जातीला १७६७ मध्ये 'आल्बा', म्हणजे पांढरी. कारण तिची फळे पांढरी असतात. आणि अमेरिकेतल्या जातीला १७७१ मध्ये 'सेरिसिया', म्हणजे रेशमी. तिच्यावरच्या मऊ लवेवरून. बर्फातल्या त्या जाळाचा दोन्ही नावांत मागमूस नाही. उलट, मिनेसोटात हजारो वर्षे राहत आलेल्या डकोटा लोकांनी ह्या झाडाला नाव दिले 'चानशाशा'. 'चान' म्हणजे लाकूड आणि 'शा' म्हणजे लाल. हे नाव हिवाळा पाहिलेल्या माणसाचे आहे. थंडीत पाने गळल्यावर ते लोक ह्या काड्या कापून आणीत, वरची लाल साल खरवडून काढीत, तिच्याखालची आतली साल सोलून वाळवीत आणि चिलमीत भरीत, नुसती किंवा तंबाखूत मिसळून. चिलीम ही त्यांच्याकडे चैनीची वस्तू नव्हे. तिचा धूर ही प्रार्थना. आपण देवापुढे उदबत्ती लावतो, त्याच भावनेने.

फेब्रुवारीत एका रविवारी जावयाने मला फोर्ट स्नेलिंग दाखवायला नेले. मिनेसोटा नदी मिसिसिपीला मिळते त्या संगमावर, उंच कड्यावर हा किल्ला आहे. डकोटा लोक ह्या संगमाला 'ब्डोटे' म्हणतात आणि कित्येकांच्या मते त्यांच्या जातीचा जन्मच तिथला. आम्ही किल्ला पाहून खाली नदीकाठच्या सपाटीत उतरलो. ओहोळाच्या कडेने बर्फात लाल काड्यांची जाळी उभी होती. मी कौतुकाने जावयाला ती दाखवू लागलो. तो म्हणाला, "अण्णा, ह्या सपाटीत काय झालं होतं, ते तुम्हाला माहीत आहे ना?"

मी इतिहासाचा मास्तर. पण मला माहीत नव्हते. १८५१ च्या तहांनी डकोटांची बहुतेक जमीन गेली होती. तिच्या मोबदल्याचे पैसे वेळेवर मिळेनात, लोक उपाशी राहिले आणि १८६२ च्या ऑगस्टमध्ये युद्धाचा भडका उडाला. त्यात शेकडो गोरे वसाहतवाले, बायकामुलांसह, मारले गेले. सहा आठवड्यांत डकोटांचा पाडाव झाला. तीनशेहून अधिक जणांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. अध्यक्ष लिंकन ह्यांनी बहुतेकांची शिक्षा थांबवली, तरी २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅन्केटो गावी अडतीस जणांना एकाच वेळी फासावर चढवले. ज्यांनी शस्त्र धरलेच नव्हते अशा सुमारे सोळाशे जणांना, मुख्यतः बायका, मुले आणि म्हातारे ह्यांना, चालवीत आणून ह्याच सपाटीत, कुंपणाच्या आत, हिवाळाभर तंबूत ठेवले. गोवराची आणि इतर रोगांची साथ पसरली. शंभरावर माणसे तिथे मेली. १८६३ च्या मे महिन्यात उरलेल्यांना आगबोटींवर चढवून राज्याबाहेर धाडून दिले. आपल्याकडे १८५७ च्या रणधुमाळीनंतरच्या फाशा ताज्या होत्या, त्याच काळातली ही गोष्ट. आता तिथे स्मारक आहे. आम्ही दोघे त्याच्यापुढे बराच वेळ न बोलता उभे होतो. परतताना त्या लाल काड्यांकडे मी पुन्हा पाहिले. पण मघाचे कौतुक ओठांवर येईना.

ती माणसे गेली आणि झाड कापणारे हात गेले. झाडाची किंमत मात्र पुढे वाढत गेली, ती निराळ्याच लोकांत. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बागाईतदारांचे ह्या काड्यांकडे लक्ष गेले. बर्लिनमध्ये श्पेट घराण्याची रोपवाटिका होती, १७२० साली स्थापन झालेली. १९०० च्या सुमारास ती जगातल्या सर्वांत मोठ्या रोपवाटिकांपैकी एक गणली जाई. बर्लिनच्या त्या भागाला आजही 'बाउमशूलेनवेग', म्हणजे रोपवाटिकेचा रस्ता, असेच नाव आहे. पिवळ्या काड्यांची 'फ्लाविरामिया' आणि सोनेरी काठाच्या पानांची, लाल काड्यांची 'श्पेटी' ह्या दोन नामांकित जाती त्याच घराण्याने जगाला दिल्या. पण ह्या घराण्याच्याही नशिबी हिंसा होतीच. रोपवाटिकेचे मालक हेल्मुट श्पेट ह्यांना नाझी राजवटीने पकडले आणि १९४५ च्या फेब्रुवारीत झाक्सनहाउझेनच्या छळछावणीत ठार मारले. त्यांचे नाव झाडाच्या नावातून जगभर राहिले. डकोटांनी दिलेले नाव मात्र मला रोपे विकणाऱ्यांच्या एकाही पाटीवर दिसले नाही.

ह्या झुडपाला हिवाळ्याचा राजा केले ते इंग्रजांनी. तिथला हिवाळा करडा, ओला आणि लांबलचक. केंब्रिज विद्यापीठाच्या वनस्पती-उद्यानात १९५१ साली खास हिवाळ्यात पाहण्याजोगी बाग आखण्यात आली. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती नव्याने रचली. मागे सदाहरित झाडे, पुढे लाल, पिवळ्या, शेंदरी काड्यांचे ताटवे, आणि कलते ऊन नेमके काड्यांवर पडेल अशी मांडणी. तिचे पाहून इतर ठिकाणीही अशा बागा झाल्या. पण ह्या सगळ्या शोभेचे मूळ माळ्याच्या एकाच कामात आहे. हिवाळा सरता सरता, नवी पालवी फुटण्याच्या आत, तो जुन्या काड्या जमिनीपासून चार बोटांवर कापून टाकतो. झाड लावल्यावर पहिली दोन वर्षे त्याला हात लावायचा नाही, मूळ धरू द्यायचे. पुढे दर वर्षी सगळे कापावे. किंवा, ठेंगण्या झुडपाचे एवढे हाल करवत नसतील तर दर साली सर्वांत जुन्या अशा एकतृतीयांश काड्या बुंध्यातून काढाव्यात. ठेंगणे वाण आटोपशीर राहतात म्हणून लोक ते घेतात आणि समजतात, की आता कात्रीची गरज संपली. उंचीपुरते ते खरे, रंगापुरते नव्हे. म्हणजे बाणासाठी, टोपलीसाठी, चिलमीसाठी माणूस जे हजारो वर्षे करीत आला, तेच माळी आता निव्वळ डोळ्यांसाठी करतो.

हे सगळे मी एका रात्री जेवताना लेकीला मोठ्या उत्साहाने सांगितले आणि म्हणालो, "मार्च संपत आला. उद्या आपलं झाड कापून टाकू."

ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "नको अण्णा. ते तसंच असू दे."

जावई ताटात पाहू लागला. नात एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे पाहू लागली. मी काही बोललो नाही. नंतर स्वयंपाकघरात भांडी आवरताना तिनेच सांगितले. सात वर्षांपूर्वी तिची आई गेली ती जानेवारीत. मी फोन केला तेव्हा इकडे बर्फाचे वादळ होते. विमानतळावर लेक दीड दिवस बसून राहिली आणि निफाडला पोहोचली ती तिसऱ्या दिवशी. परत आल्यावर पहिल्या वसंतात तिने ते झाड लावले. आईला कुंकू ठसठशीत लावायची सवय होती. दुकानात ते लाल झुडपाचे चित्र पाहिले आणि घेऊन आली, एवढेच. "मला ते कापवत नाही," ती म्हणाली. "दर वर्षी सगळे सांगतात. मला नाही जमत."

मी तरी काय सांगणार? मला माझे लहानपण आठवले. वडिलांनी नवी द्राक्षबाग केली होती आणि मी पहिल्यांदाच एप्रिलची खरड छाटणी पाहत होतो. ज्या वेलींनी दोन महिन्यांपूर्वी घडांचे ओझे वागवले, त्या मजुरांनी ओलांड्यापर्यंत बोडक्या केल्या. कापल्या जागेतून पाणी टपटपत होते. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "दादा, वेल मेली." वडील फारसे बोलके नव्हते. त्यांनी माझा हात धरून एका खुंटावरच्या डोळ्यावर बोट ठेवायला लावले आणि म्हणाले, "जुन्या काडीनं आपलं काम केलं. पुढचं ह्याच्यात आहे." ऑक्टोबरात पुन्हा छाटणी झाली आणि माघात घड लोंबले.

ही गोष्ट मी लेकीला सांगितली. तिने ती लहानपणापासून दहा वेळा ऐकली असेल; पुन्हा ऐकून घेतली. तिच्या मनात काय चालले होते ते मी विचारले नाही. मीही त्या रात्री बराच वेळ जागा होतो. एक शंका मला छळत होती. कापले की उजळते, हा दाखला फार मोहक आहे, आणि म्हणूनच तो जपून वापरावा. त्या नदीकाठच्या सपाटीत ज्यांना कोंडले त्यांनाही कोणी असेच म्हणू शकला असता. राज्यकर्ते अनेकदा असेच म्हणत आले. झुडपाला मुळाशी न धक्का लावता कापणे निराळे आणि माणसांना मुळांसकट उपटणे निराळे. डकोटा लोक पुढे परतले. आज मिनेसोटात त्यांच्या चार मान्यताप्राप्त वसाहती आहेत, आणि चानशाशा कापायला ते आजही हिवाळ्यात बाहेर पडतात. पण त्याचे श्रेय कापणाऱ्यांना नव्हे. ते मुळे जपून धरणाऱ्या त्यांच्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना. इतिहास शिकवताना हा फरक मी मुलांना पुरेसा सांगितला का, ह्याची मला खात्री नाही.

सकाळी उठलो तो लेक बाहेर झाडापाशी उभी. हातात नवी कात्री. मला पाहून म्हणाली, "कुठून कापायचं ते दाखवा. पण सगळं नाही. एकतृतीयांश."

बर्फ अजून अर्धे वितळायचे होते. सशांनी खालच्या काड्या कुरतडल्या होत्या. त्या आधी काढल्या. मग मी जुनी, तपकिरी काडी दाखवी आणि ती कापी. पहिल्या दोन-तीन काड्यांना तिचा हात थरथरला. पुढे ती सराईतासारखी कापू लागली. अर्ध्या तासात झुडूप विरळ झाले आणि आतपर्यंत ऊन गेले. टोकाकडच्या चांगल्या लाल डहाळ्या तिने वेगळ्या ठेवल्या. त्यांतल्या काही तांब्यात घालून आईच्या तसबिरीपुढे ठेवल्या. बाकीच्यांचे मी वीत-वीतभर तुकडे केले, आणि नातीने ते कुंपणालगतच्या ओल्या मातीत दोन भाग आत, एक भाग वर असे खोचले. डॉगवुडची काडी ओलाव्यात सहज मुळे धरते. "आजोबा, ही जगतील?" तिने विचारले. मी म्हणालो, "सगळी नाही. पण काही जगतील."

एप्रिलअखेर मी परतलो, तेव्हा बुंध्यातून बोटभर लांबीचे हिरवे कोंब वर आले होते. नंतर इकडच्या उन्हाळ्यात, छाटणीच्या धांदलीत, ते झाड मी विसरूनही गेलो. यंदा नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नान आटोपून फराळाला बसतो आहे, तोच फोन वाजला. नातीने चित्र पाठवले होते. बर्फ अजून पडायचे होते. अंगण राखाडी, आभाळ राखाडी. कोपऱ्यात मात्र बुंध्यापासून वर निघालेल्या नव्या काड्या, लालभडक. आणि कुंपणालगत, मातीतून वर आलेल्या पाच लहान काड्या. नातीने खाली लिहिले होते: "बारा लावल्या होत्या, आजोबा. पाच आल्या. आई म्हणते, पुढच्या मार्चमध्ये कात्री मी धरायची."